पिठूळ थर कसा ओळखावा: पुसण्याआधी पाहण्याच्या पायऱ्या

पिकलेल्या काळ्या द्राक्षावरून बोट फिरवले, की बोटाखालची साल एकदम काळीभोर आणि चकचकीत दिसू लागते. शेजारची साल मात्र पूर्वीसारखीच निळसर-धूसर राहते. बोटाच्या त्या एका फेऱ्यात आपण जे पुसून टाकलेले असते, त्याची ओळख करून घेण्यासाठी हा लेख लिहिला आहे. गोठलेल्या दंवाच्या पांढऱ्या थराला लॅटिन भाषेत ‘प्रुइना’ म्हणतात आणि वनस्पती, अळंबी, दगडफुले (कवक आणि शैवाल एकत्र वाढून बनलेले सजीव) व कीटक यांच्या अंगावर दिसणाऱ्या दंवासारख्या भुकटीलाही जीवशास्त्राने हेच नाव दिले आहे. मराठीत मी तिला ‘पिठूळ थर’ म्हणेन, कारण पीठ शिंपडल्यासारखे हे रूप त्या शब्दाने अचूक उभे राहते.

नवा निरीक्षक या थरापाशी बहुधा एकाच जागी चुकतो. पांढरे दिसले, की ते रोगाचे किंवा धुळीचे असणार असे तो गृहीत धरतो आणि लगेच ते पुसतो, धुतो किंवा त्यावर औषध फवारतो. प्रत्यक्षात हा थर अनेकदा त्या सजीवाने स्वतःच तयार केलेला असतो, आणि एकदा गेलेला थर परत येईलच असे नसते. त्याहून महत्त्वाचे असे, की पुसल्यावर पुरावाच नाहीसा होतो. म्हणून पुढच्या पायऱ्या मुद्दाम एका क्रमाने दिल्या आहेत: ज्यांत हात लावावा लागत नाही त्या आधी, आणि ज्यांत थर मोडतो त्या सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

सामग्री फारशी लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग, पाण्याचा ड्रॉपर, मऊ कुंचला, थोडे व्हिनेगर, कापसाचे बोळे, निर्जंतुकीकरणाचे स्पिरिट आणि एक वही पुरे. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर उत्तमच, पण सुरुवातीला त्याच्यावाचून काही अडत नाही.

थर पांढरा का दिसतो

काचेचा तुकडा पारदर्शक असतो, पण त्याच काचेचा चुरा पांढरा दिसतो. चुऱ्याच्या असंख्य कडांवर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून असे होते. पिठूळ थरातही बहुधा कोणताच पांढरा रंग नसतो. मेणाचे किंवा क्षारांचे अतिसूक्ष्म रंगहीन स्फटिक असतात आणि ते प्रकाश विखुरतात. हे कण पुरेसे बारीक असले, तर निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक विखुरला जातो, आणि खालचा पृष्ठभाग गडद असेल तर तो निळेपणा डोळ्यांना जाणवतो. ब्लूबेरीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. तिच्या सालीतले रंगद्रव्य गडद लालसर-जांभळे असते आणि फळ चिरडले तर निळा रस मिळत नाही. तिचा निळेपणा सालीवरच्या मेणाच्या सुमारे दोन मायक्रोमीटर जाडीच्या थरातून येतो, हे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. त्यांनी ते मेण फळावरून काढून दुसऱ्या पृष्ठभागावर पुन्हा स्फटिकरूपात बसू दिले, तेव्हा तोच निळा रंग परत मिळाला.

यातून नवख्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ओलावा, उष्णता किंवा घर्षण यांनी कणांची ही रचना बिघडली, की रंगही जातो. त्यामुळे एकच पान किंवा एकच दगडफूल कोरडे असताना आणि ओले असताना वेगळे दिसू शकते, आणि आपण ते कोणत्या स्थितीत पाहिले याची नोंद नसेल तर ते निरीक्षण अर्धेच राहते.

पहिली पायरी: हात न लावता मांडणी पाहणे

दोन पावले मागे उभे राहून थर कोठे आहे आणि कोठे नाही, हे आधी पाहावे. सजीवाने स्वतः तयार केलेला थर नियमाने वागतो. एका वयाच्या सगळ्या पानांवर तो सारखाच असतो, ठरावीक भागांवरच असतो, आणि शेजारच्या त्याच जातीच्या दुसऱ्या झाडावरही तसाच सापडतो. उसाच्या कांड्यावर पेराच्या लगेच खाली मेणाचे पांढरे कडे असते. प्रत्येक पेराखाली ते त्याच जागी दिसते. एरंडाच्या वाणांत तर मेणथराची जागा ही वाण ओळखण्याची खूणच मानली जाते: काही वाणांत थर अजिबात नसतो, काहींत तो केवळ खोडावर असतो, काहींत खोड, देठ आणि पानांची खालची बाजू या सर्वांवर असतो, तर काहींत पानांच्या वरच्या बाजूवरही चढलेला असतो.

भुरी रोग असा नियम पाळत नाही. ती पानाच्या पृष्ठभागावर वाढणारी बुरशी असल्याने गोलसर, विस्कळीत डागांपासून सुरू होते, डाग वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात, आणि एका पानावर दाट तर शेजारच्या पानावर मुळीच नाही, असे चित्र दिसते. धूळ वरच्या आडव्या पृष्ठभागावर साचते आणि खालची बाजू स्वच्छ राहते. फवारणीचा किंवा क्षारयुक्त पाण्याचा अवशेष थेंबाच्या आकाराचे डाग सोडतो आणि पाणी जेथून ओघळले त्या कडेशी तो दाट झालेला असतो. मी ज्या शंका आजवर पाहिल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक या एका पायरीवरच मिटल्या, म्हणून येथे घाई करू नये.

फळाच्या बाबतीत वयही विचारात घ्यावे. कोहळा कोवळा असताना त्याच्यावर लव असते. पुढे लव झडते आणि पक्व फळावर मेणाचा पांढरा थर चढतो. म्हणजे एकाच वेलावर लव असलेले हिरवे फळ आणि चुना लावल्यासारखे दिसणारे फळ ही दोन्ही निरोगी असू शकतात.

दुसरी पायरी: भिंगाखाली ‘सुटे’ दिसते का

भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरावे आणि वस्तू हळूहळू भिंगाकडे आणावी. प्रकाश तिरपा पडू द्यावा, कारण समोरून पडणाऱ्या झगझगीत प्रकाशात सगळाच पृष्ठभाग पांढरा दिसतो. येथे स्वतःला एकच प्रश्न विचारावा: पांढरेपणाचे सुटे घटक मला दिसतात का?

वनस्पतींच्या मेणाचे स्फटिक इतके लहान असतात, की दहापट भिंगाखाली ते सुटे दिसत नाहीत. त्यांच्या नळ्या, पापुद्रे आणि काड्या पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून मेणाचा थर भिंगाखालीही एकसंध, मंद आणि काचेवर श्वास सोडल्यावर येणाऱ्या वाफेसारखा दिसतो. उलट लव असेल तर एकेक केस दिसतो. भुरी असेल तर जाळ्यासारखे तंतू आणि त्यांतून वर आलेली बारीक भुसभुशीत उभारी दिसते. मिठाचे स्फटिक असतील तर ते चमकतात. खारफुटीतल्या काही झाडांच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात आणि तेथे असे स्फटिक साचतात. पानाच्या कडेवर ठरावीक अंतराने पांढरे कडक ठिपके असतील, तर ते सॅक्सिफ्रागा या वनस्पतीच्या काही जातींप्रमाणे पाण्याच्या रंध्रांतून बाहेर येऊन साचलेला चुना असू शकतो.

तिसरी पायरी: पाण्याचा एक थेंब

ड्रॉपरने एकच थेंब सोडावा आणि पान किंचित कलते करावे. मेणाच्या स्फटिकांवर थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळून जातो. कमळाच्या पानावर हे सर्वांनी पाहिलेले असते. तेथे पानाच्या सूक्ष्म उंचवट्यांवर मेणाच्या नळ्या असतात आणि घरंगळणारा थेंब वाटेतली धूळही उचलून नेतो. विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली या स्वच्छतेचे सविस्तर वर्णन केले, आणि तेव्हापासून कमळाच्या पानाचे हे वैशिष्ट्य अभ्यासाचा मोठा विषय झाले.

मात्र या चाचणीवर एकटीवर विसंबू नये, कारण दाट लवेवरही थेंब तसाच गोल उभा राहू शकतो. आधीच्या पायरीवर भिंगाखाली जे दिसले, त्याच्याशी ताडूनच तिचा अर्थ लावावा.

चौथी पायरी: एका कोपऱ्यावर स्पर्श

आता हात लावायचा, पण झाडाच्या मागच्या बाजूच्या एखाद्या जुन्या पानावर आणि तांदळाच्या दाण्याएवढ्याच जागी. पुसल्यावर खाली काय उघडे पडते, हे पाहावे. खाली गडद, तुकतुकीत आणि निरोगी पृष्ठभाग निघाला, तर थर मेणाचा असण्याची शक्यता मोठी आहे. खालचा भाग पिवळट, तपकिरी किंवा सुरकुतलेला असेल, तर भुरीचा संशय बळावतो. पुसलेल्या जागेशेजारी खूण करून तारीख लिहावी आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. वाढत्या कोवळ्या पानावर मेण पुन्हा तयार होऊ शकते. पूर्ण वाढलेल्या पानावर बहुधा होत नाही. भुरी मात्र अनुकूल हवेत त्याच जागी परत येते आणि पुढे पसरतेही.

इकेवेरिया आणि डडलेया यांसारख्या मांसल पानांच्या वनस्पतींवर ही पायरी शक्यतो करूच नये. त्यांच्या पानावर उमटलेला बोटाचा ठसा ते पान गळेपर्यंत तसाच राहतो. मी स्वतः पहिल्या वर्षी एका इकेवेरियाचे पान धूळ समजून पुसले होते. त्याच्या भोवतीची सगळी पाने राखी-निळी राहिली आणि मधले एक पान अखेरपर्यंत हिरवे, उघडे दिसत राहिले. ती पाने थेट उन्हात वाढतात आणि त्यांच्यावरचा थर प्रकाशाचा मोठा हिस्सा परतवून लावतो, हे त्यानंतर समजून घेतले तेव्हा त्या पुसण्याचे खरोखर वाईट वाटले.

पाचवी पायरी: तुटलेल्या तुकड्यावर रसायनाची परीक्षा

या चाचण्या जिवंत झाडावर न करता गळलेल्या किंवा काढलेल्या तुकड्यावर कराव्यात. तुकडा चिमट्याने धरून नुकत्याच उकळलेल्या पाण्यात काही क्षण बुडवावा. मेण वितळते, स्फटिकांची रचना मोडते आणि पांढरेपणा नाहीसा होतो. तुकडा थंड झाल्यावरही तो परत येत नाही. पांढरेपणा तसाच टिकला, तर थर मेणाचा नाही असे धरून पुढे जावे. दुसऱ्या तुकड्यावरून खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे. कॅल्शियम ऑक्झलेट व्हिनेगरमध्ये विरघळत नाही आणि फसफसतही नाही; दगडफुलांच्या बाबतीत हा फरक उपयोगी पडतो.

वनस्पतींवरची प्रत्येक भुकटी मेणाचीच असते, असे समजू नये. प्रिम्युला या फुलझाडाच्या काही जातींच्या पानांवर आणि दांड्यांवर जे पीठ दिसते, ते ग्रंथियुक्त केसांतून स्रवलेले फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिजन्य रसायनांच्या वर्गातील संयुग असते. पिटिरोग्रामा या नेच्यांच्या पानाखालची रुपेरी किंवा सोनेरी भुकटीही त्याच वर्गातील संयुगांची असते, आणि पान हातावर दाबले तर त्याची पूर्ण आकृती उमटते.

कीटकांकडे पाहताना

चतुरांपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे आहे. अनेक जातींत नुकताच प्रौढ झालेला नर मादीसारखाच पिवळट-तपकिरी असतो, आणि वयात येताना त्याच्या पोटावर मेणाचा थर चढत जाऊन तो निळसर-पांढरा होतो. म्हणजे एकाच तळ्याकाठी दिसलेला पिवळा चतुर आणि निळा चतुर या दोन जाती आहेत, असे लगेच लिहून टाकू नये. पंखांच्या शिरा, पोटाच्या टोकाची उपांगे आणि डोळ्यांचा रंग पाहून मगच निर्णय करावा. ऑर्थेट्रम अल्बिस्टायलम या जातीच्या नरावरचे मेण अतिदीर्घ साखळीच्या मिथाइल कीटोन आणि अल्डिहाइड संयुगांचे बनलेले असून ते अतिनील किरण जोरकसपणे परावर्तित करते, असे जपानी संशोधकांनी २०१९ साली दाखवले. तळ्याकाठी तळपत्या उन्हात तासन्‌तास आपली हद्द राखणाऱ्या नराला असा थर उपयोगाचा असणार, हे सहज पटते.

जवळून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. मीलनाच्या वेळी मादी नराचे पोट पायांनी धरते, आणि त्या पकडीने मेण खरवडले जाते. निळ्या पोटाच्या मध्यावर दोन्ही बाजूंना गडद, घासलेले पट्टे दिसले, तर त्या नराचे मीलन झालेले असण्याची ती खूण समजतात. चतुराला न पकडता, केवळ दुर्बिणीतून, त्याच्या आयुष्यातली एवढी मोठी घटना वाचता येते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर निरीक्षण वाटते.

उत्तर अमेरिकेतील सोनोरन वाळवंटातल्या एका काळ्या भुंगेऱ्याचे वर्तन याहून वेगळे आहे. कोरड्या हवेत त्याच्या अंगावरचे मेणाचे बारीक तंतू पसरून तो फिकट निळा दिसतो, आणि दमट हवेत तोच काळा दिसतो. म्हणून कीटकाच्या रंगाबरोबर हवेची स्थितीही लिहावी.

बागेत सर्वाधिक गोंधळ पिठ्या ढेकणांपाशी होतो. पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यावर स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवला, की मेण विरघळते आणि खालचे मऊ, बहुधा गुलाबी किंवा पिवळसर शरीर उघडे पडते. कोशिनिल किडीचे मेण बाजूला सारून तिला चिरडले, तर कार्मिनिक आम्लाचा गडद लाल रंग निघतो. पण पांढरे आणि झुबकेदार दिसणारे सगळेच पिठ्या ढेकूण नसतात. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी अंगावर मेणाचे तसेच पांढरे झुबके घेऊन फिरते आणि पिठ्या ढेकणांनाच खाते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे १३ मिलिमीटरपर्यंत लांब होते, म्हणजे ढेकणाच्या मादीपेक्षा बरीच मोठी असते, आणि ती चपळपणे चालते. पाच मिनिटे शांतपणे पुंजक्याकडे पाहावे. जो मोठा पांढरा जीव एका ढेकणाकडून दुसऱ्याकडे जात असेल, त्याला कोणत्याही कारणाने मारू नये.

दगडफुले आणि अळंबी

दगडफुलांवरचा थर बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांचा असतो. काही जातींत तो मृत कवकतंतूंचा, तर काहींत रंगीत संयुगांचा असतो, आणि तेव्हा तो पिवळाही दिसतो. फिस्कोनिया या वंशाच्या तपकिरी-राखाडी पाळ्यांच्या (पसरट फाट्यांच्या) टोकांवर दंव पडल्यासारखा जो थर असतो, तो त्या वंशाच्या ओळखीचा मोठा आधार आहे. पण पाणी लागताच पाळ्या हिरवट होतात आणि थर फिका पडतो, म्हणून पावसानंतर लगेच ओळख ठरवू नये; दगडफूल वाळू द्यावे.

नवख्याला येथे खरा फसवा भाग सोरेडियांचा वाटतो. सोरेडिया म्हणजे शैवालपेशी आणि कवकतंतू यांचे प्रजननासाठी तयार झालेले कण होत, आणि तेही पिठासारखेच दिसतात. भिंगाखाली ते सुटे दाणे म्हणून दिसतात, बहुधा पाळीच्या कडेला किंवा ठरावीक फुटलेल्या जागी गोळा झालेले असतात, आणि काडीच्या टोकाने चिरडल्यावर त्यांत हिरवेपणा आढळतो. पिठूळ थरात शैवाल नसल्यामुळे तो चिरडला तरी पांढराच राहतो. लेप्रेरिया या वंशात तर संपूर्ण शरीरच अशा दाण्यांचे असते. कपासारख्या फळांच्या तबकडीवर थर आहे की नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे, कारण अनेक ओळखसूचींत नेमका तोच प्रश्न विचारलेला असतो.

अळंबीवरचा थर फार नाजूक असतो, म्हणून तिला देठाच्या तळाशी धरून उचलावे आणि टोपीला बोट लावू नये. इनोसायबी वंशात देठावरची भुकटी ही सूक्ष्म उभ्या पेशींची बनलेली असते, आणि ती देठाच्या पूर्ण लांबीवर आहे की केवळ वरच्या टोकाशी आहे, यावर जातींचे गट ठरतात. देठ मुठीत धरला, की ही खूण गेलीच. याच वंशातल्या अनेक जातींत मस्कारिन हे विष असते, तेव्हा पिठूळ थरावरून कोणतीही अळंबी खाण्याजोगी ठरवू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत. झायलेरिया या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीच्या काळ्या फांद्यांच्या टोकांवरची पांढरी पूड हे तिचे बीजाणू असतात.

नोंद आणि जपणूक

नोंदीत थराचा रंग, त्याची नेमकी जागा, अवयवाचे वय, कीटक असल्यास नर की मादी, पृष्ठभाग कोरडा की ओला, आणि पुसल्यावर खाली काय दिसले, एवढे तरी लिहावे. छायाचित्र काढताना कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश (एक्स्पोजर) थोडा कमी करावा, अन्यथा पांढऱ्या भागातले सगळे बारकावे उडून जातात. शास्त्रीय नावांकडेही लक्ष ठेवावे: प्रुइनोसा, ग्लॉका, फॅरिनोसा, पल्व्हरुलेंटा अशी विशेषणे नावात आली, तर त्या जातीचा थर नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांत भरला होता असे समजावे. युकॅलिप्टस प्रुइनोसा आणि ऑर्थेट्रम प्रुइनोसम ही अशीच नावे आहेत.

झाडावरची धूळ काढायची असेल तर ती हलक्या हवेच्या झोताने उडवावी, कापडाने पुसू नये. पाणी मुळाशी घालावे आणि कुंडी हलवताना झाडाला न धरता कुंडीलाच धरावे. द्राक्षे किंवा आलुबुखार घेताना देठ धरावा आणि फळ खायच्या वेळीच धुवावे. कीटकांचे नमुने ॲसिटोनसारख्या द्रावकात ठेवले, तर मेण विरघळण्याचा धोका असतो, म्हणून थर असलेला नमुना कोरडाच जपावा. किडींसाठी बागायती तेल किंवा साबणाचे द्रावण फवारण्याआधी ते झाड निळसर थराचे आहे का, हे पाहावे. निळ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडावर तेल फवारले, की सुयांवरचा निळेपणा निघून जातो आणि नव्या सुया येईपर्यंत ते झाड हिरवेच दिसते.